दवाखान्याबाहेरची डॉक्टरी

वैद्यकाची पदवी घेऊन रुग्ण तपासण्याऐवजी दुसऱ्या कामाला लागणे ही आजच्या पिढीची नवी वाट समजली जाते. औषध कंपनी, विमा कंपनी, रुग्णालयाचे प्रशासन, संशोधन किंवा लेखन यांकडे वळणाऱ्या तरुण डॉक्टरला घरात आणि गावात हमखास विचारले जाते, की मग एवढे शिकलास कशाला? या प्रश्नामागे असा समज असतो, की डॉक्टर म्हणजे दवाखान्यात बसणारा माणूस आणि बाकी सगळे त्या वाटेवरून भरकटलेले. मुंबई इलाख्याचा दोनशे वर्षांचा इतिहास वेगळे सांगतो. येथील जंगलांची व्यवस्था, शहराची सफाई, विषांची तपासणी, वनस्पतींच्या नोंदी, शिलालेखांचे वाचन आणि संग्रहालये या सगळ्यांच्या पायाभरणीत दवाखाना सोडलेल्या किंवा अर्धा सोडलेल्या डॉक्टरांचा हात आहे. प्रत्येक काळात फरक पडला तो एकाच गोष्टीत: रुग्ण सोडल्यावर डॉक्टरचे घर कोणाच्या पैशावर चालणार होते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. बंगालची वैद्यकीय सेवा १७६४ मध्ये उभी राहिली; मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्याही स्वतंत्र वैद्यकीय सेवा होत्या. जहाजावर आणि पलटणीबरोबर शल्यवैद्य हवा, हा या सेवांचा मूळ हेतू. पण त्या काळात वनस्पतिशास्त्र, रसायन आणि प्राणिशास्त्र यांचे शिक्षण वैद्यकाच्या अभ्यासातच मिळत असे. त्यामुळे कंपनीला विज्ञान जाणणारा माणूस हवा असला, की हाताशी असे तो सर्जनच. नाण्यांच्या धातूचा कस पाहायला टांकसाळीत रसायन जाणणारा लागतो, म्हणून कोलकात्याच्या टांकसाळीत जॉन लेडन आणि होरेस हेमन विल्सन हे दोन सर्जन नेमले गेले. १८०८ मध्ये साहाय्यक सर्जन म्हणून हिंदुस्थानात आलेले विल्सन १८१६ मध्ये टांकसाळीचे कसमास्तर झाले. त्यांनी १८१९ मध्ये संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला आणि १८३२ मध्ये ऑक्सफर्डमधील संस्कृतच्या पहिल्या बोडेन अध्यासनासाठी त्यांचीच निवड झाली. पलटणीचा डॉक्टर ते संस्कृतचा प्राध्यापक एवढे अंतर त्यांनी कापले, पण मधल्या काळात पगार एकदाही थांबला नाही. कंपनीच्या सेवेचे खरे बळ यातच होते.

मुंबई इलाख्यात या प्रकारचे सर्वांत मोलाचे उदाहरण अलेक्झांडर गिब्सन यांचे. स्कॉटलंडहून आलेल्या या सर्जनाने दख्खन आणि खानदेशात देवी टोचण्याच्या खात्यात काम केले. त्या कामात गावोगाव फिरावे लागे आणि फिरता फिरता त्यांची झाडांशी, पिकांशी आणि शेतकऱ्यांशी ओळख झाली. १८३८ मध्ये त्यांच्याकडे पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यान सोपवले गेले. तेथे त्यांनी औषधी वनस्पती आणि परदेशी पिके लावून पाहिली. एका स्थानिक चित्रकाराकडून त्यांनी वनस्पतींची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत, चित्रकाराचे नाव मात्र कोणी नोंदवलेले नाही. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. सरकारला काळजी होती ती मुंबईच्या गोदीसाठी लागणाऱ्या सागवानाची. गिब्सन यांच्या अहवालांत मात्र त्यापलीकडचे पुष्कळ सापडते. डोंगर उघडे पडले की झरे आटतात आणि कोकणातल्या खाड्या गाळाने भरतात, हे त्यांनी सरकारपुढे मांडले. देवी टोचणाऱ्या डॉक्टरला रोगाचे मूळ परिसरात शोधायची सवय होती. त्याच नजरेने त्यांनी जंगलाकडे पाहिले, असे म्हणायला जागा आहे. एन. ए. डाल्झेल यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये निघाला आणि मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा भक्कम आधारग्रंथ ठरला.

जॉर्ज बर्डवुड यांची वाटचालही अशीच, फक्त त्यांची ओढ कलेकडे होती. बेळगावात १८३२ मध्ये जन्मलेले बर्डवुड १८५४ मध्ये मुंबईच्या वैद्यकीय सेवेत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि त्याच सुमारास शहरातल्या वस्तुसंग्रहाची जबाबदारी त्यांनी घेतली. प्रकृती बिघडल्यामुळे १८६८ मध्ये ते इंग्लंडला परतले. पुढे इंडिया ऑफिसात नोकरी करता करता त्यांनी हिंदुस्थानी कारागिरीवर लिहिले आणि १८८० मध्ये त्यांचा ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ आला. बर्डवुड यांच्या बाबतीत आजारपणाने दवाखाना सुटला, तरी सरकारी नोकरीची दोरी सुटली नाही.

हिंदी डॉक्टरांना हे दार उघडे नव्हते. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि त्याची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. मुंबई विद्यापीठ अजून स्थापन व्हायचे होते, म्हणून हे पदवीधर आपल्या नावापुढे ‘जी. जी. एम. सी.’ म्हणजे ‘ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज’ ही अक्षरे लावत. सरकारी नोकरीत त्यांच्या वाट्याला दुय्यम जागा येत. वरिष्ठ सेवेत, म्हणजे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, शिरायचे तर १८५५ पासून सुरू झालेली खुली स्पर्धा परीक्षा लंडनला जाऊन द्यावी लागे. समुद्र ओलांडण्याचा खर्च आणि जातीचा रोष पत्करणे मोजक्यांनाच जमे. त्यामुळे पहिल्या तुकडीतल्या बहुतेकांनी खासगी व्यवसाय थाटला आणि दुसरे जे काही करायचे ते त्या मिळकतीवर केले. मराठी जगात दवाखान्याबाहेरच्या डॉक्टरीची खरी परंपरा येथूनच सुरू होते आणि तिची किंमत डॉक्टर स्वतः मोजत होते.

या परंपरेतले सर्वांत मोठे नाव रामकृष्ण विठ्ठल ऊर्फ भाऊ दाजी लाड यांचे. गोव्यातल्या मांद्र्याचे हे कुटुंब मुंबईला आले आणि भाऊ एल्फिन्स्टन संस्थेत शिकून तेथेच शिकवू लागले. काठेवाड आणि कच्छमधल्या बालिकाहत्येवर लिहिलेल्या त्यांच्या निबंधाला पारितोषिक मिळाले होते. अशी शिक्षकाची बरी नोकरी सोडून ते नव्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. म्हणजे त्यांच्या आयुष्यातला पहिला व्यवसायबदल वैद्यकाकडे येण्याचा होता. पदवीनंतर त्यांचा व्यवसाय मुंबईत अफाट चालला. गरिबांना ते फुकट औषध देत आणि कुष्ठरोगावर देशी वनस्पतीचा उपाय शोधण्यात त्यांनी बरीच वर्षे घालवली. ही सगळी धावपळ चालू असतानाच जुने शिलालेख, नाणी आणि हस्तलिखिते यांनी त्यांना झपाटले.

जुनागढच्या खडकावरचे रुद्रदामन आणि स्कंदगुप्ताचे लेख, अजिंठ्याचे लेख, कालिदासाचा काळ, अशा विषयांवर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत निबंध वाचले. आर्यभटाच्या ग्रंथाची हस्तलिखिते मिळवून आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या काळाविषयी त्यांनी लिहिलेले टिपण १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. आर्यभटाच्या नावावर चालणारे दोन वेगवेगळे लेखक निराळे करण्यात या टिपणाचे महत्त्व आहे. हे काम एका माणसाने रुग्णांच्या रांगेतून वेळ काढून कसे केले, याचे उत्तर त्यांच्या कामाच्या रचनेत आहे. दवाखाना सोडून महिनोन्महिने भटकणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी जाणकार माणसे पदरी ठेवली आणि आपल्या खर्चाने देशभर पाठवली. ही माणसे ठसे घेत, हस्तलिखिते नकलून आणत, आणि भाऊ मुंबईत बसून ते वाचत. जुनागढचे भगवानलाल इंद्रजी याच कामातून घडले आणि पुढे स्वतः थोर पुरातत्त्वज्ञ झाले. डॉक्टरच्या फीचे रूपांतर असे एका संशोधन संस्थेत झाले होते, तिला फक्त नाव आणि इमारत नव्हती. भाऊ १८६९ आणि १८७१ मध्ये मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयासाठी ते झटले, ते १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९७५ मध्ये त्या संग्रहालयाला त्यांचे नाव मिळाले. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही ग्रँटचेच डॉक्टर. त्यांचे नाव मुंबईच्या आरंभीच्या छायाचित्रकारांत घेतले जाते.

भाऊंच्या तुकडीतले आत्माराम पांडुरंग तर्खडकर १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे प्रमुख संस्थापक. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू करणाऱ्या आठ जणांत दोनच हिंदी होते आणि दोघेही डॉक्टर: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन ग्रँट कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील. गोव्याच्या आसगावचे जोसे कामिलो लिस्बोआ हेही ग्रँटच्या आरंभीच्या पदवीधरांपैकी; मुंबई गॅझेटियरमधला उपयुक्त वनस्पतींविषयीचा भाग आणि इलाख्यातल्या गवतांची यादी ही त्यांची कामे. हडपडे-आरपोऱ्याचे जोसे जेर्सन द कुन्हा यांनी तर डॉक्टरकी आणि इतिहास आयुष्यभर शेजारी शेजारी चालवले. १८७६ मध्ये चौल आणि वसई, १८७७ मध्ये सह्याद्रिखंडाची संपादित संहिता, १८८१ मध्ये कोंकणी भाषा आणि १९०० मध्ये मुंबईची उत्पत्ती, असे त्यांचे ग्रंथ एकामागून एक येत गेले. अध्यापन सोडले तर यांतल्या कोणालाही या कामाचा पगार मिळत नव्हता.

लंडनची परीक्षा पार करून वरिष्ठ सेवेत शिरलेल्या कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांचे चित्र जरा निराळे. लष्करी डॉक्टर म्हणून ते अफगाण युद्धात होते, लेफ्टनंट कर्नल झाले, ग्रँटमध्ये शिकवले आणि जन्मभर वनस्पती गोळा केल्या. मराठी कविताही केली. १९०९ मध्ये बडोद्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच सेवेतले मेजर वामनदास बसू मुदतीआधी निवृत्त होऊन अलाहाबादला लेखन आणि प्रकाशनात रमले होते. या दोघांचा ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ हा प्रचंड ग्रंथ १९१८ मध्ये आला, तेव्हा कीर्तिकर हयात नव्हते. निवृत्तिवेतनाच्या आधाराने केलेल्या कामाचे याहून चांगले उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

दरम्यान सरकारी सेवेतच रुग्णाला हात न लावणाऱ्या डॉक्टरांची खाती वाढत होती. १८६४ मध्ये डॉ. ए. एच. लीथ यांनी मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीचा अहवाल दिला आणि १८६५ मध्ये टी. जी. ह्यूलेट शहराचे पहिले आरोग्य अधिकारी झाले. आरोग्य अधिकाऱ्याचे काम गटारे, विहिरी, कत्तलखाने, चाळी आणि मृत्यूची नोंद यांच्याशी. इलाख्यातल्या संशयास्पद मृत्यूंतला व्हिसेरा ज्यांच्याकडे येई ते सरकारी रासायनिक विश्लेषकही डॉक्टरच. त्या पदावरचे आय. बी. लायन यांचा न्यायवैद्यकावरचा ग्रंथ पुढे अनेक पिढ्यांच्या हाती राहिला. १८९६ च्या प्लेगने प्रयोगशाळेचे महत्त्व सगळ्यांना पटवले. लस शोधणारे वाल्देमार हाफकिन स्वतः डॉक्टर नव्हते, पण परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ मध्ये गेलेली त्यांची प्रयोगशाळा पुढे इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टरांनीच चालवली. प्लेग उंदरावरच्या पिसवांमधून पसरतो, या मताला भक्कम पुरावा मिळवून देणाऱ्यांत तेथले विल्यम ग्लेन लिस्टन होते. १९२५ मध्ये या संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी तिचे पहिले हिंदी संचालक झाले आणि लशींबरोबर औषधनिर्मितीकडेही त्यांनी संस्थेला वळवले. तेथून ते जागतिक आरोग्य संघटनेत गेले.

तरीही या जागांना उमेदवार सहजासहजी मिळत नसत. जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनला सरकारी पगाराबरोबर खासगी रुग्ण पाहायची मुभा असे आणि संस्थानिक किंवा सावकार आजारी पडला तर त्याची फी पगाराला मागे टाकी. आरोग्य खात्यात किंवा प्रयोगशाळेत गेलेल्याला त्या कमाईवर पाणी सोडावे लागे. व्यवसायातला मानही रुग्ण बरा करणाऱ्याला. रोग होऊ न देणाऱ्याला तो कोण देणार? सरकारी डॉक्टरांना आजही मिळणारा व्यवसायरोध भत्ता याच जुन्या प्रश्नावरचा तोडगा आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने वैद्यकीय शिक्षणात प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाला स्थान द्या असे बजावले. त्यानंतर प्रत्येक महाविद्यालयात तो विभाग आला, म्हणजे दवाखान्याबाहेरची एक नियमित अध्यापनाची वाट तयार झाली. पण पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी गुणवत्ता यादीतले वरचे विद्यार्थी मेडिसिन, सर्जरी आणि पुढे रेडिओलॉजी घेत राहिले. पॅरा-क्लिनिकल, म्हणजे थेट रुग्णोपचाराबाहेरच्या, शाखा ‘उरलेल्यांसाठी’, हा वैद्यकीय महाविद्यालयांतला समज चुकीचा आणि सार्वजनिक आरोग्याला महागात पडलेला आहे.

इंडियन मेडिकल सर्व्हिस १९४७ मध्ये संपली. नंतरच्या दशकांत महाराष्ट्राने वेगळ्याच प्रकारचे स्थलांतर पाहिले: डॉक्टर दवाखाना सोडून रंगभूमी, पत्रकारिता आणि चळवळीत गेले. पुण्याचे बी. जे. मेडिकल कॉलेज या बाबतीत विशेष. तेथे शिकलेले श्रीराम लागू कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते. कॅनडा आणि इंग्लंडमध्ये पुढचे प्रशिक्षण, पुण्यात व्यवसाय, टांझानियात नोकरी, असा त्यांचा वैद्यकीय प्रवास आणि या सगळ्याबरोबर पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमधले नाटक. पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय त्यांनी १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर घेतला. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘नटसम्राट’ हे नाटक रंगमंचावर आले. बाहेरून धाडसी उडी वाटावी असा हा निर्णय प्रत्यक्षात दोन दशकांच्या तालमींनंतरचा होता. नव्या कामात आपली ताकद किती, हे त्यांना व्यवसाय सोडण्याआधी पुरते कळलेले होते. त्याच महाविद्यालयाचे जब्बार पटेल आणि मोहन आगाशे यांनी दुसरा मार्ग निवडला. पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून आणि आगाशे मानसोपचाराच्या अध्यापनात राहिले, आणि नाटक-सिनेमाही जोमाने चालू ठेवला.

अनिल अवचट यांनीही बी. जे.तूनच एम.बी.बी.एस. केले आणि लवकरच दवाखान्याऐवजी हमाल, विडी कामगार, भटके यांच्या आयुष्यावर लिहू लागले. या लेखनातून घर चालणे शक्य नव्हते. ते चालले मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या त्यांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) यांच्या सरकारी नोकरीवर, हे अवचटांनी वारंवार आणि कृतज्ञतेने लिहिले आहे. अशा व्यवसायबदलांच्या कथांत घरातल्या दुसऱ्या मिळकतीचा उल्लेख बहुधा गाळला जातो, म्हणून त्यांचा हा प्रामाणिकपणा महत्त्वाचा. १९८६ मध्ये दोघांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, तेव्हा पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीचा आधार होता. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात सुमारे बारा वर्षे व्यवसाय करून तो थांबवला, १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि १९९८ पासून ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादन केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. भोंदूबाबाच्या उपचाराला बळी पडणाऱ्या माणसाकडे ते अखेरपर्यंत डॉक्टरच्याच डोळ्यांनी पाहत होते.

रुग्ण न पाहणाऱ्या डॉक्टरला नियमित पगार देणारा खासगी बाजार मात्र गेल्या काही दशकांतलाच. औषध कंपन्यांत वैद्यकीय सल्लागार पूर्वीही असत, पण थोडे. १९८८ मध्ये औषध नियमावलीत ‘शेड्यूल वाय’ आले आणि नव्या औषधाच्या चाचण्यांचे नियम ठरले. २००५ मध्ये ते बदलले, परदेशांच्या बरोबरीने येथेही चाचण्या घेणे शक्य झाले आणि त्याच वर्षी उत्पादनावर पेटंट देणारा कायदा आला. मुंबई-पुण्यात चाचण्यांचे नियोजन, वैद्यकीय लेखन आणि औषधाच्या दुष्परिणामांची नोंद ही डॉक्टरांची रोजची नोकरी बनली. दुष्परिणामांच्या नोंदीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. विम्याच्या बाजूने २००१ मध्ये ‘थर्ड पार्टी ॲडमिनिस्ट्रेटर’चे नियम आले. रुग्णालयाकडून आलेला दावा वाचून उपचार योग्य होता की नाही हे ठरवायला तेथे डॉक्टर बसू लागले. महाराष्ट्रात २०१२ च्या राजीव गांधी जीवनदायी योजनेने, म्हणजे आताच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेने, शस्त्रक्रियेला पूर्वमंजुरी देणाऱ्या डॉक्टरांची गरज वाढवली. मंजुरी देणाऱ्याने रुग्णाला पाहिलेले नसते, तरी त्याच्या सहीवर रुग्णाची शस्त्रक्रिया अवलंबून असते. म्हणून काही वर्षे वॉर्डात काढलेला डॉक्टर अशा जागी असणे हिताचे.

या नव्या नोकऱ्यांकडे वळणारे बहुतेक जण आपली नोंदणी सोडत नाहीत. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे श्रेयांक जमवावे लागतात. ती चालू असली की दवाखान्यात परतायला कायद्याची आडकाठी राहत नाही. मात्र सुटलेल्या सरावाची भरपाई श्रेयांकांनी होत नाही आणि शल्यविशारदाला काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा शस्त्रक्रियेला उभे राहणे फार अवघड जाते. फिजिशियनला ते त्या मानाने सोपे. यामुळे आठवड्यातून काही तास ओपीडी चालू ठेवून उरलेला वेळ दुसऱ्या कामाला देणारेही अनेक आहेत.